पोकळ स्फटिक आणि माणसाचा श्वास

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील विज्ञानविषयक व्याख्यानाचा मजकूर)



स्फटिक म्हटले की डोळ्यांपुढे हिरा, माणिक, पाचू अशी रत्ने उभी राहतात. रत्नाची पारख करणारा जाणकार भिंगातून पाहतो तेव्हा तो दोष शोधत असतो. खडा आतून भरीव, एकसंध आणि निर्मळ असेल तर त्याचे मोल वाढते. आत चीर किंवा पोकळी आढळली तर ते उतरते. विज्ञानाच्या जगात मात्र स्फटिकांचे एक मोठे कुळ असे आहे की, त्याचे सारे मोल त्याच्या पोकळीत साठलेले आहे. या कुळाचे नाव झिओलाइट. आजच्या व्याख्यानाचा विषय हे पोकळ स्फटिक, त्यांच्यावर चाललेले संशोधन आणि त्यांचा दैनंदिन जीवनातील उपयोग हा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूसाठी देश व्याकूळ झाला होता, तेव्हा असंख्य रुग्णांचा श्वास याच स्फटिकांच्या दाण्यांतून गाळून आला होता, हे लक्षात घेतले म्हणजे विषयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उकळणारा दगड

स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध मांडणी. मिठाचा खडा, साखरेचा दाणा, हिमकण हे सारे स्फटिकच होत. एखाद्या सभागृहातील खुर्च्या सारख्या अंतराने, रांगेत मांडाव्यात, त्याप्रमाणे त्यांतील अणू तिन्ही दिशांना एकाच नमुन्याची पुनरावृत्ती करीत बसलेले असतात. काचेत अशी शिस्त नसते. म्हणून काच कितीही चमकली तरी तिला शास्त्रीय अर्थाने स्फटिक म्हणता येत नाही.

१७५६ मध्ये स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी एक खनिज ज्योतीवर तापवले. दगड तापला की लाल व्हावा, फुटावा किंवा वितळावा, अशी अपेक्षा. पण हा दगड फेसाळू लागला आणि त्यातून वाफ निघाली. उकळणे आणि दगड या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्याला झिओलाइट हे नाव दिले. कोरड्या दिसणाऱ्या दगडाच्या पोटात पाणी होते आणि ते निघून गेल्यावरही दगडाचा सांगाडा बराचसा शाबूत राहत होता. पाणी कोठे राहत होते, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली.

या दगडाचे महाराष्ट्राशी जवळचे नाते आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने राहून गेले. खडकात झिरपणाऱ्या उष्ण, क्षारयुक्त पाण्याने त्या पोकळ्यांच्या भिंतींवर स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखे झिओलाइट वाढवले. पुणे, नाशिक, जळगाव या परिसरातील काळ्या पाषाणाच्या खाणींत, विहिरी खोदताना आणि रेल्वेसाठी घाट फोडताना असे पांढरे, पिवळसर, गुलाबी गुच्छ सापडत आले आहेत. जगभरच्या संग्रहालयांत दख्खनचे हे नमुने मानाने मांडलेले दिसतात. नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही ते पाहता येतात.

क्ष-किरणांनी उघडलेले दार

स्फटिकाच्या अंतरंगात डोकावण्याचे साधन १९१२ मध्ये मिळाले. जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार स्फटिकावर क्ष-किरण सोडण्यात आले आणि पलीकडच्या छायाचित्र-काचेवर ठिपक्यांची नियमबद्ध नक्षी उमटली. त्या नक्षीवरून आतल्या अणूंच्या जागा कशा शोधाव्यात, हे इंग्लंडमधील विल्यम ब्रॅग आणि त्यांचे पुत्र लॉरेन्स ब्रॅग यांनी दाखवून दिले. १९१५ चे नोबेल पारितोषिक पिता-पुत्रांना मिळून देण्यात आले. तेव्हा पुत्राचे वय अवघे २५ वर्षांचे होते. १९३० मध्ये लायनस पॉलिंग आणि डब्ल्यू. एच. टेलर यांनी काही झिओलाइटांची रचना उलगडली आणि क्रोनस्टेट यांच्या दगडातील पाण्याचा पत्ता लागला.

ती रचना समजण्यास कठीण नाही. सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू बसतात. असे चौकोनी पायाचे नव्हे, तर तीन बाजूंच्या पायाचे छोटे मनोरे कोपऱ्याला कोपरा जोडून उभे राहतात आणि त्यांतून दालने, खिडक्या व बोगदे तयार होतात. काही ठिकाणी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियमचा अणू येतो. तेथे सांगाड्यावर एक ऋण विद्युतभार शिल्लक राहतो. त्याचा तोल सांभाळण्यासाठी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित अणू दालनांत येऊन बसतात. हे पाहुणे सांगाड्याशी कायमचे जखडलेले नसल्याने त्यांना बदलता येते. झिओलाइटाची सारी उपयुक्तता या दोन गोष्टींत आहे : ठरावीक मापाची खिडकी आणि बदलता येणारा पाहुणा.

खिडकीचे माप नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा १० लाखावा भाग. झिओलाइटाच्या खिडक्या साधारणपणे ०.३ ते ०.८ नॅनोमीटर एवढ्या असतात आणि रेणूंचे आकारही याच टप्प्यातले आहेत. कापडी गाळण्यात एक छिद्र मोठे, एक लहान असे चालून जाते. स्फटिकात मांडणीची पुनरावृत्ती काटेकोर असल्यामुळे अब्जावधी खिडक्या एकाच मापाच्या निघतात. म्हणून या पदार्थांना १९३० च्या दशकात 'रेणूंची चाळणी' असे सार्थ नाव मिळाले.

निसर्गातील झिओलाइट देखणे असले तरी कारखान्याला ते पुरेसे नव्हते. त्यांच्यात भेसळ असते, दोन खाणींचा माल एकसारखा नसतो आणि दख्खनच्या स्टिलबाइट-ह्यूलँडाइटाचा सांगाडा अधिक तापवल्यास ढासळतो. इंग्लंडचे रिचर्ड बॅरर यांनी १९४० च्या दशकात प्रयोगशाळेत झिओलाइट वाढवण्याचा पाया घातला. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट मिल्टन यांनी १९४९ च्या सुमारास साध्या रसायनांपासून, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपासच्या तापमानाला 'ए' आणि 'एक्स' हे दोन झिओलाइट तयार केले. पृथ्वीने ज्याला हजारो वर्षे घेतली, ते काही तासांत होऊ लागले. आज अडीचशेहून अधिक प्रकारचे झिओलाइट सांगाडे ज्ञात आहेत.

घराघरांत पोहोचलेला स्फटिक

'ए' झिओलाइटाचे उदाहरण पाहावे. त्याच्या दालनांत सोडियम बसलेला असताना खिडकी सुमारे ०.४ नॅनोमीटरची असते. सोडियमच्या जागी मोठा पोटॅशियम आणला की ती ०.३ पर्यंत अरुंद होते. कॅल्शियम आणला तर त्याचे निम्मेच अणू पुरतात, वाट मोकळी होते आणि खिडकी ०.५ पर्यंत रुंदावते. सांगाडा तोच, पाहुणा बदलला की चाळणी बदलते.

यातील अरुंद खिडकीच्या चाळणीशी महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याचा रोजचा संबंध आहे. उसाच्या मळीपासून किंवा रसापासून मद्यार्क तयार केला, तर कितीही ऊर्ध्वपातन केले तरी तो वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. उरलेले पाणी त्याच्यासोबतच वाफ होऊन येते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तर जवळजवळ निर्जल इथेनॉल लागते. म्हणून ही वाफ पोटॅशियमयुक्त झिओलाइटाच्या दाण्यांतून सोडतात. पाण्याचा लहान रेणू खिडकीतून आत शिरतो आणि अडकतो. इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरच राहून पुढे जातो. देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. त्या यशात शेतकऱ्याचा ऊस आहे, कारखान्याचा बॉयलर आहे, तसा या स्फटिकाचाही वाटा आहे.

धुलाईच्या पावडरीत कठीण पाण्यातील कॅल्शियम पकडण्यासाठी पूर्वी फॉस्फेट वापरीत. ते सांडपाण्यातून नद्या-तलावांत जाऊन शेवाळ माजवी आणि जलचरांचा प्राणवायू हिरावून घेई. युरोपात १९७० च्या दशकापासून फॉस्फेटची जागा हळूहळू झिओलाइटाने घेतली. तो पाण्यातील कॅल्शियम आत घेतो आणि स्वतःजवळचा सोडियम बाहेर देतो. याच देवघेवीच्या तत्त्वावर २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातील अपघातानंतर दूषित पाण्यातून किरणोत्सारी सीझियम काढण्यासाठीही झिओलाइट उपयोगी पडले.

खनिज तेलाच्या शुद्धीकरणात १९६० च्या दशकात झिओलाइट आले. मोठे, जड रेणू त्यांच्या दालनांत फुटून पेट्रोलयोग्य लहान रेणू होतात आणि त्याच कच्च्या तेलातून अधिक पेट्रोल निघू लागते. या विद्येत पुणे शहराचे स्थान मानाचे आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइट उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केले. १९८० च्या दशकात तेथे विकसित झालेला 'एन्सिलाइट' वर्गातील उत्प्रेरक भारतीय उद्योगांच्या सहकार्याने प्रत्यक्ष कारखान्यात वापरला गेला. परदेशी तंत्रज्ञानावरच विसंबून राहण्याच्या त्या काळात हे पाऊल लहान नव्हते.

डिझेल वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे निष्प्रभ करण्यासाठीही अनेक वाहनांत तांबेयुक्त झिओलाइटाचा लेप दिलेली जाळी बसवलेली असते. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे कडक निकष लागू झाल्यावर या जाळीचे महत्त्व वाढले.

प्राणवायूची चाळणी

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू, २१ टक्के प्राणवायू आणि जेमतेम १ टक्का आर्गॉन असतो. रुग्णाला प्राणवायू द्यायचा तर नत्रवायू दूर सारला पाहिजे. या दोन्ही रेणूंचा आकार इतका सारखा आहे की, केवळ खिडकीच्या मापावर त्यांची निवड करता येत नाही. येथे दालनातील पाहुणा कामी येतो. नत्रवायूच्या रेणूतील विद्युतभाराची विषमता प्राणवायूपेक्षा अधिक असल्याने सोडियम किंवा लिथियमचे धनभारित अणू त्याला अधिक जोराने ओढतात. 'एक्स' झिओलाइटाच्या दाण्यांतून दाबाखाली हवा सोडली की नत्रवायू आतच धरून ठेवला जातो आणि प्राणवायू पुढे निघतो. काही क्षणांत दाणे नत्रवायूने भरतात. तेव्हा दाब कमी केला की ते नत्रवायू सोडून देतात आणि पुन्हा कामाला सज्ज होतात. असे दोन स्तंभ शेजारी ठेवून आळीपाळीने चालवले की प्राणवायूचा प्रवाह अखंड राहतो. घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमधून ठरावीक वेळाने जो सुस्कारा ऐकू येतो, तो स्तंभ बदलून नत्रवायू बाहेर टाकला जात असल्याचा आवाज होय. आर्गॉन मात्र प्राणवायूबरोबरच राहतो. त्यामुळे या पद्धतीने शुद्धता ९५ टक्क्यांच्या आसपास थांबते. रुग्णासाठी ती पुरेशी असते.

एप्रिल-मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत देशाची वैद्यकीय प्राणवायूची गरज काही आठवड्यांत कित्येक पटींनी वाढली. पोलाद कारखान्यांत द्रवरूप प्राणवायू होता. पण तो दूर होता. १९ एप्रिल रोजी नवी मुंबईतील कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस' विशाखापट्टणमला रवाना झाली आणि भरलेले टँकर घेऊन नागपूर-नाशिकला परतली. तोवर गावोगावी नातेवाईक सिलिंडरसाठी रात्र-रात्र रांगेत उभे होते. त्या वाहतुकीला पर्याय एकच होता : जेथे रुग्ण, तेथेच हवेतून प्राणवायू गाळणे.

याच महिन्यात मुंबईच्या आयआयटीने एक समयोचित मार्ग दाखवला. अनेक उद्योगांत हवेतून नत्रवायू वेगळा करणारी यंत्रे असतात. त्यांतील कार्बनची चाळणी प्राणवायू पकडते आणि नत्रवायू पुढे जाऊ देते. प्रा. मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखालील चमूने त्या यंत्रातील कार्बनच्या जागी झिओलाइट भरले, इतर आवश्यक फेरफार केले आणि तेच यंत्र प्राणवायू देऊ लागले. शुद्धता ९३ ते ९६ टक्के मिळाली. यंत्र तेच, पंप तोच. आतला स्फटिक बदलला आणि कारखान्याचे यंत्र रुग्णालयाचे झाले.

मात्र हा स्फटिक तातडीने, मोठ्या प्रमाणात हवा होता. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या प्राणवायू प्रकल्पांसाठी मे २०२१ मध्ये एअर इंडियाच्या विमानांनी रोमहून बेंगळुरूला झिओलाइट आणले. ज्या सह्याद्रीच्या पोटातील झिओलाइट जगाच्या संग्रहालयांत शोभा वाढवतात, त्या सह्याद्रीच्या देशाला संकटकाळी झिओलाइटाचे दाणे विमानाने मागवावे लागले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. तथापि खनिजसंपत्ती असणे आणि त्या जातीचा पदार्थ हव्या त्या मापाचा, हव्या त्या शुद्धतेचा, टनांनी बनवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. पुण्याच्या प्रयोगशाळेने एके काळी दाखवलेली ज्ञान आणि कारखाना यांची सांगड जितक्या क्षेत्रांत वाढेल, तितके असे प्रसंग टळतील.

संशोधनाची नवी दिशा

पोकळ स्फटिकांचे नवे कुळ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून उभे राहणारे सांगाडे. या कार्यासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जपानचे सुसुमू कितागावा, ऑस्ट्रेलियातील रिचर्ड रॉबसन आणि अमेरिकेतील ओमर याघी यांना मिळाले. याची सुरुवात वर्गातील एका साध्या कामापासून झाली. १९७४ मध्ये मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी रेणूंच्या प्रतिकृती करावयाच्या होत्या. लाकडी गोळ्यांना योग्य कोनांत भोके पाडून घेताना रॉबसन यांच्या ध्यानात आले की, भोकांच्या जागांमध्येच पुढच्या रचनेची सारी माहिती सामावलेली आहे. अणूंनाही असेच जोडता येईल, ही कल्पना त्यांनी पुढे १९८९ मध्ये प्रत्यक्षात आणली. कितागावा यांनी अशा सांगाड्यांत वायूंची ये-जा होऊ शकते हे १९९७ मध्ये दाखवले. याघी यांनी १९९९ मध्ये तयार केलेल्या सांगाड्याच्या जेमतेम दोन ग्रॅमांत फुटबॉलच्या मैदानाएवढा अंतर्गत पृष्ठभाग सामावतो.

याघी यांच्या गटाने अमेरिकेच्या ॲरिझोना वाळवंटात रात्रीच्या कोरड्या हवेतील बाष्प अशा स्फटिकात साठवून सकाळच्या उन्हाने त्याचे पाणी मिळवून दाखवले. कारखान्यांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठीही असे सांगाडे तपासले जात आहेत. किंमत, टिकाऊपणा आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन हे तीन प्रश्न अजून सुटायचे आहेत. झिओलाइटालाही क्रोनस्टेट यांच्या ज्योतीपासून कारखान्यापर्यंत दोन शतके लागली होती.

कपाटातील स्फटिकाची निगा

महामारीच्या काळात अनेक सेवाभावी संस्थांनी आणि कुटुंबांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. त्यांतील कित्येक आज कापडाखाली झाकून ठेवलेले आहेत. येथे एक शास्त्रीय सत्य ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. झिओलाइटाला नत्रवायूपेक्षा पाण्याची ओढ कितीतरी अधिक असते. दमट हवेचे बाष्प एकदा दालनांत शिरले की तेथे नत्रवायूला जागा उरत नाही. मग यंत्र सुरू होते, आवाज करते, नळीतून हवाही येते. परंतु त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण घटलेले असते. ही उणीव डोळ्यांना दिसत नाही, आणि ती कळते तेव्हा समोर रुग्ण असतो.

म्हणून असे यंत्र ओलसर खोलीत ठेवू नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते अधूनमधून चालवावे, हवेच्या जाळ्या स्वच्छ कराव्यात आणि बाहेर पडणाऱ्या वायूची शुद्धता मापकाने तपासून तारखेसह नोंदवावी. ती ८२ टक्क्यांच्या खाली गेली असेल तर यंत्र रुग्णासाठी देऊ नये. तंत्रज्ञाकडून झिओलाइटाचे दाणे बदलून घ्यावेत. प्राणवायू चालू असताना जवळपास दिवा, उदबत्ती वा शेगडी नसावी. प्रवाह किती ठेवायचा, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अशी तपासणी करण्यास एखादी दुपार पुरते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतले, तर संस्थेची सेवा घडेल आणि स्फटिकशास्त्राचा एक पाठही प्रत्यक्ष गिरवला जाईल.

श्रोतेहो, भरीव रत्नाचे मोल पेढीवर ठरते. या पोकळ स्फटिकाचे मोल एखाद्या मध्यरात्री, एखाद्या घरात, कोणाच्या तरी छातीच्या भात्यावर ठरते. त्याची दालने त्या रात्री रिकामी आणि कोरडी असतील, एवढी काळजी आज घेतली पाहिजे.